शेंड्याकडून मोडलेला गळाचा रॉड जोडता येतो का?

लाटांगण
दोन तुकड्यांचा ८ फुटी स्पिनिंग रॉड आहे, कार्बनचा. त्यावर लुअर (नकली आमिष) १५ ते ४५ ग्रॅम आणि पीई (विणलेल्या दोरीच्या जाडीचा नंबर) १ ते २.५ असं छापलंय. वरचा तुकडा शेंड्यापासून ३८ सेंमी खाली मोडलाय, तिसऱ्या आणि चौथ्या गाइडच्या (दोरी ओवायच्या कड्यांच्या) मध्ये. व्हर्नियरने मोडल्या जागी बाहेरून ४.१ मिमी आणि आतलं भोक २.६ मिमी भरतं. शेंड्याच्या बुडाशी १.८ मिमी. एका अंगाला दोन-अडीच सेंमीची कुसळं निघालीत, दुसरं अंग बोथट तुटलंय. दोन्ही तुकडे जवळ आहेत, गाइड सगळे शाबूत.

वापर खडकावरून आणि खाडीच्या तोंडाशी. तांबोशी, गोबरा, नशीब जोरावर असेल तर जिताडा.

विचारायचं ते असं. हा जोडण्यासारखा आहे का? जोडायचा तर आत काय घालायचं आणि कोणता गोंद? आणि जोडल्यावर ४० ग्रॅमचा जिग (धातूचा जड लुअर) फेकता येईल का?

ओहोटी
कुसळं पकडीने तोडू नका. पकडीत ब्लँक (रॉडची मूळ पोकळ नळी) चेपला की चीर आणखी दोन सेंमी वर धावते. सध्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपचे चार वेढे द्या आणि तसंच ठेवा.

रेझिनवाला
जोडण्यासारखा आहे. पण आधी ब्लँक कसा बनतो ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

रेझिन लावलेलं कार्बनचं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून टेप ताणून लपेटतात, भट्टीत शिजवतात आणि सळई ओढून काढतात. उरते ती पोकळ नळी. तिच्यातले बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने असतात, ते वाकण्याचा भार घेतात. थोडे आडवे असतात, ते नळीला गोल ठेवतात. रॉड वाकला की नळी चपटी व्हायला बघते. आडव्या तंतूंनी हात टेकले की नळी अंड्यासारखी होते आणि मग उभे तंतू तटातट सुटतात. लाटांगण यांनी सांगितलेली कुसळं ती हीच.

आता जोडताना लोक नेमकी काय चूक करतात? मोडल्या जागी बाहेरून धागा गच्च गुंडाळतात आणि वर एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) ओततात. गुंडाळलेला धागा आडवा असतो. तो नळीला गोल ठेवील, वाकण्याचा भार घेणार नाही. तो भार घ्यायला लांबीच्या दिशेने काहीतरी हवं. म्हणजे आत खुंटी, नाहीतर बाहेरून उभे तंतू. गोंदाचं काम एवढंच, की भार एका तुकड्यातून खुंटीत आणि खुंटीतून दुसऱ्या तुकड्यात पोचवायचा.

खाडीकाठ
एवढा खटाटोप कशाला? अॅल्युमिनियमची बारीक नळी किंवा सळई आत घालायची, फेविक्विक सोडायचं, पाच मिनिटांत रॉड तयार. बंदरावर पुष्कळांचे रॉड असेच चाललेत.

शेवंड
खाडीकाठ, चालतात, पण किती दिवस? दोन अडचणी आहेत. पहिली, अॅल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटा विद्युतघटच झाला. कार्बन वीजवाहक आहे, त्याच्या संगतीत अॅल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि ब्लँकला आतून चिरते. दुसरी अडचण फेविक्विकची. ते कडक आणि ठिसूळ होतं, सोलून निघण्याचा ताण त्याला सोसत नाही आणि सतत ओल राहिली की पकड सुटते. गाइड गुंडाळताना त्याचा पाय जागेवर धरायला एक थेंब ठीक. सांध्याला नको.

पोलादी सुई किंवा सायकलची तार घातलेलेही रॉड दिसतात. तार वाकत नाही, त्यामुळे सगळा वाक तारेच्या टोकाशी गोळा होतो आणि रॉड बरोबर तिथेच मोडतो. जोडलेली जागा शाबूत, तीन सेंमी वर नवा तुकडा.

तंगूस
वर रेझिनवाला आणि शेवंड यांनी कारणं सांगितली आहेत, मी कृती लिहितो. लाटांगण यांचा रॉड दोन तुकड्यांचा आहे आणि मोड वरच्या तुकड्यात आहे. वरच्या तुकड्याचं बूड, म्हणजे फेरूलचं (दोन तुकडे एकमेकांत बसतात त्या जोडाचं) तोंड, उघडं असतं. त्यामुळे खुंटी बुडातून आत सोडता येते. खालच्या तुकड्यात हा मार्ग रीळ सीट (रीळ बसवायची जागा) आणि मुठीमुळे बंद असतो.

खुंटीसाठी सगळ्यांत सोपी वस्तू म्हणजे मोडक्या छत्रीची फायबरची काडी. लोखंडी नव्हे, नव्या छत्र्यांना असते ती. भरीव असते, ३ ते ३.५ मिमी जाडीची मिळते. किंवा जुन्या टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या भागांच्या) रॉडचा भरीव शेंडा. तो आधीच निमुळता असतो, घासायचे कष्ट वाचतात. लांबी किती? मोडल्या जागेच्या जाडीच्या दहा-अकरा पट प्रत्येक बाजूला. तुमच्या ४.१ मिमीला ४.५ सेंमी वर, ४.५ खाली, एकूण ९.

निमुळतेपणाचं गणित बघा. शेंड्याला १.८ आणि ३८ सेंमीवर ४.१, म्हणजे दर सेंमीला सुमारे ०.०६ मिमी. आतलं भोकही साधारण त्याच चालीने बारीक होतं असं धरा. मोडापाशी २.६ असेल तर ४.५ सेंमी वर २.३ आणि ४.५ सेंमी खाली २.९ च्या आसपास. खुंटी तशी घासायची. काडीचं एक टोक ड्रिलमध्ये धरा, १२० चा पॉलिशपेपर दुमडून त्यात काडी फिरवा, शेवटी २२० चा. गोंदाला जागा हवी म्हणून भोकापेक्षा ०.१ मिमी बारीक ठेवा. अगदी घट्ट खुंटी घातली तर आत जाताना ती सगळा गोंद खरवडून बाहेर टाकते. वरून छान गच्च वाटतं, आत कोरडं असतं. दोन्ही टोकं पेन्सिलसारखी सव्वा-दीड सेंमी निमुळती करा, म्हणजे ताठरपणा एकदम संपत नाही.

त्यानंतर कापणं. कुसळाच्या मुळाच्या पुढे अर्धा सेंमी सोडून टेप गुंडाळा आणि टेपवरूनच बारीक दाताच्या हॅक्सॉ पात्याने कापा, इंचाला ३२ दाते असलेल्या. एका बाजूने सरळ आरपार कापत जाऊ नका. ब्लँक बोटांनी फिरवत सगळीकडून थोडं थोडं कापा, नाहीतर शेवटचे तंतू फाटतात. कापलेलं तोंड ४०० च्या ओल्या पेपरवर सपाट करा. ओला पेपर आणि तोंडावर मास्क, दोन्ही न चुकता. कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट आणि कुसळ बोटात गेलं की काळं असल्यामुळे दिसत नाही.

कुसळं कापल्यावर तीनेक सेंमी लांबी जाईल, म्हणजे दोन्ही तोंडांच्या जाडीत ०.१८ मिमीचा फरक पडेल. तेवढी पायरी धाग्याखाली झाकली जाते. खुंटी मात्र कापल्यानंतरच्या भोकाला मापून घासा, आधी नको.

गोंद लावण्याआधी कोरडी जुळणी करा. खुंटीच्या मधोमध पेनने खूण करा. बारीक टोक पुढे करून बुडातून आत सोडा, तारेने ढकला, मोडाच्या तोंडातून ४.५ सेंमी बाहेर येऊन पाचरीसारखी अडायला हवी. अलीकडेच अडली तर आणखी घासा, जास्त बाहेर आली तर जाड टोक वाढवून नवी करा. मग खुंटी आणि भोकाची आतली बाजू आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, भोकासाठी तारेला कापूस गुंडाळून. थिनर नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं कुणास ठाऊक, काही थिनर मागे तेलकट थर ठेवतात.

रेझिनवाला
तंगूस यांनी मनापासून लिहिलंय, एक शब्दही बदलायला नको. गोंदाचं मी जोडतो.

२४ तासांत वाळणारं साधं अॅराल्डाइट घ्या, पाच मिनिटांचं घेऊ नका. झटपट वाळणारं एपॉक्सी पाण्याला कमी टिकतं आणि खुंटी फिरवून गाइड एका ओळीत आणायला वेळच देत नाही. दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीच्या दोन धारा काढा आणि तीन मिनिटं घोटा, कडेचं आणि तळाचं खरवडून घेत. चिकट राहिलेल्या दहा सांध्यांतले नऊ नीट न घोटल्यामुळे असतात. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल, हाही गैरसमज. जास्तीचा हार्डनर तसाच अडकून राहतो आणि सांधा रबरासारखा मऊ होतो.

खुंटीला पातळ लावा, भोकात काडीने लावा, आणि खुंटी हळूहळू पिळत आत न्या. वरचा अर्धा भाग शेंड्याकडून बंद आहे, आतली हवा दाबली जाऊन गोंद बाहेर फेकते. सावकाश नेलं की हवा कडेने निघते. सगळं बसलं की शेंड्याकडून एक डोळा मिटून बघा. गाइडची वर्तुळं एकात एक दिसली पाहिजेत. तुकडा टेपने बांधा आणि उभा टांगून ठेवा, आडवा ठेवला तर सांध्याशी झोल येतो.

ओवी_मालवण
वाचनखूण साठवली. आता घरातल्या सगळ्या छत्र्या कुलपात ठेवायला हव्यात :)

मुळशी_मरळ
३८ सेंमीवर मोडलाय म्हणून ठीक. पण ही चर्चा शोधत येणाऱ्या बऱ्याच जणांचा शेंडा ५ ते १० सेंमीच मोडलेला असतो, दारात सापडून, पंख्याला लागून. त्यांनी खुंटीबिंटीच्या भानगडीत पडू नये. मोडल्या जागी सरळ कापायचं आणि नवं टिप टॉप (अगदी शेंड्यावरचं गाइड) बसवायचं.

टिप टॉपच्या नळीचं माप इंचाच्या ६४ व्या भागात असतं. एक भाग ०.४ मिमीला किंचित कमी. म्हणजे ५ नंबर सुमारे २.० मिमी, ५.५ म्हणजे २.२, ६ म्हणजे २.४. व्हर्नियरने ब्लँक मापायचा आणि किंचित मोठं घ्यायचं. लहान घेऊन ब्लँक घासत बसवू नये, घासताना बाहेरचे उभे तंतूच जातात.

जुनं काढायला लायटरची ज्योत टिप टॉपच्या धातूच्या नळीवर दोन-तीन सेकंद धरा, ब्लँकवर नको. मग सरळ ओढा. पिळू नका. बसवायला ग्लू गनची काडी उत्तम, कारण पुन्हा तापवून काढता येते. काडी तापवून ब्लँकवर थोडं थोडं लावा, टिप टॉप तापवा, सरकवा, खालच्या गाइडशी रेष जुळवा.

शेंडा दहा सेंमीने गेला की रॉड थोडा ताठ होतो. हलका लुअर पूर्वीइतका लांब जात नाही. जड लुअर उलट बरा फेकला जातो.

वेळास_दर्या
आमच्याकडे फायबर बोटींची डागडुजी करणारे कारागीर गावोगाव आहेत. त्यांच्याकडचं रेझिन आणि काचेची मॅट वापरली तर? कापड, रेझिन, सगळं एका जागी मिळतं.

रेझिनवाला
वेळास, कारागिराकडून काचेचे तंतू जरूर घ्या, रेझिन नको. बोटीला बहुतेक पॉलिएस्टर रेझिन असतं. ते बोटीसाठी योग्यच आहे, पण आधीच शिजलेल्या एपॉक्सीच्या ब्लँकला नीट धरत नाही. सहा महिन्यांनी खपलीसारखं निघतं. आणि ती तुकड्या-तुकड्यांची मॅटही नको. तिचे तंतू ज्या बांधणीने धरलेले असतात ती पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, एपॉक्सीत बऱ्याचदा विरघळत नाही. मग मॅट कडक राहते, गोलाकार बसत नाही.

मागायचं ते 'रोव्हिंग', काचेच्या तंतूंची लांब लड. जिथे आत खुंटी घालता येत नाही तिथे ती कामाची. म्हणजे खालच्या जाड तुकड्यात मुठीच्या वर मोड असेल तर. ब्लँकची चकाकी २२० च्या पेपरने मोडून घ्या, लड एपॉक्सीत भिजवा, मोडाच्या दोन्ही बाजूंना ६ ते ८ सेंमी उभी पसरवा, चारी बाजूंनी सारखी. टोकं मागेपुढे ठेवा, सगळी एका रेषेत संपवू नका. वर धागा ताणून गुंडाळा. उभे तंतू वाकण्याला, आडवा धागा चपटं होण्याला. ब्लँक बनवतानाचाच क्रम.

सागरिका_रा
अवांतर: रॉडला मालवणीत किंवा कोळीवाड्यात वेगळा शब्द आहे का? आजीच्या बोलण्यात 'गरवायला गेले' असं यायचं.

तंगूस
गरी म्हणजे हुक, आणि गरीने मासे धरणं म्हणजे गरवणं. माझं टोपणनाव तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी :) पूर्वी गरी, दोर आणि शिसं एवढंच असायचं, दोर हातातच. काठी असली तर बांबूची. रीळ लावायचा दांडा आला तो रॉड हे नाव घेऊनच आला, त्यामुळे रॉडला रॉडच म्हणतात.

खाडीकाठ
बांबूच्या काठीला यातलं काही लागत नाही हेही लिहा. पेरापाशी चीर गेली की सुतळी गच्च आवळायची, झालं काम.

शेवंड
हे मात्र खरं. बांबू मोडण्याआधी करकरतो, उभा चिरतो, वेळ देतो. काचेचा रॉडही पुष्कळ वाकतो. कार्बन तसा नाही. काचेचा तंतू तुटण्याआधी साडेचार टक्क्यांच्या आसपास ताणला जातो, साधा कार्बन दीड ते दोन टक्के. ३० टन, ४० टन असे आकडे रॉडवर छापतात ते ताठरपणाचे आहेत, मजबुतीचे नाहीत. टन वाढले की त्याच वजनात रॉड जास्त ताठ होतो आणि ताणाची सहनशक्ती घटते. अमेरिकेत फेनविकने १९७३ साली कार्बनचा रॉड बाजारात आणला, तेव्हापासून हा सौदा चाललाय. वजन घटवा, चूक माफ होणं विसरा.

ओहोटी
मूळ विषयाकडे येऊ. लाटांगण, मोड कशाने आला ते कळलं का? जोडण्याआधी ते बघा, नाहीतर तोच हात पुढचाही रॉड मोडेल.

मोडलेल्या तोंडाजवळ भिंगाने बघा. एखादा पांढुरका ठिपका, टिचका, तिथूनच चीर निघालेली दिसली तर तो मार लागलेला रॉड आहे. जिग किंवा शिसं झुलून ब्लँकला आपटतं, बाहेरून टिकली एवढी खूण पडते, आत तंतू तुटलेले असतात. पुढे कधीतरी साध्या फेकीत रॉड जातो आणि माणूस कंपनीला दोष देतो. खूण नसेल आणि मोड शेंड्याच्या बाजूच्या तिसऱ्या हिश्शात असेल तर बहुधा रॉड उभा धरून मासा उचललेला असतो. मासा पायापाशी आला की हात वर जातात, रॉड आणि दोरी यांच्यातला कोन अगदी लहान होतो. बुडाची ताकद वापरलीच जात नाही, सगळा वाक शेंड्यावर. खडकावर उभं राहिलं की हे फार होतं, कारण पाणी खाली असतं. जड मासा लाटेवर घेऊन खडकावर सरकवावा, शेवटी दोरी हातात धरावी, हातमोजा घालून. किंवा जाळीदार पळी.

मोड जोडापाशी असेल, उभी चीर असेल, तर फेरूल पूर्ण बसलेलं नव्हतं. फेकता फेकता ते ढिलं होतं. दर अर्ध्या तासाने चाचपावं.

आणि अडकलेला लुअर रॉडने खेचणं. रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरा, रिळाची चकती हाताने दाबा आणि मागे चालत जा. ब्रेड (विणलेली दोरी) बोटांना गुंडाळू नका, कापते. कापड गुंडाळलेल्या लाकडाला दोन वेढे द्या आणि खेचा.

मुळशी_मरळ
+१. ड्रॅगचंही (किती ओढीला दोरी सुटावी ते ठरवणाऱ्या रिळाच्या ब्रेकचं) सांगा. दोरी तुटण्याच्या वजनाच्या चौथ्या भागावर ठेवायचा. २० पौंडाची दोरी म्हणजे ९ किलो, ड्रॅग सव्वादोन किलो. वजनकाट्याला दोरी बांधून मापा, बोटाने अंदाज फसतो. रॉडवर पीई २.५ छापलंय आणि रिळात पीई ४ भरून ड्रॅग आवळला, तर दोरीआधी रॉड तुटणारच.

कुणकेश्वर_०७
टेलिस्कोपिकचं कुणी सांगेल का? मधला भाग मोडलाय. दुकानात सुटा भाग मिळाला, पण बसवायचा कसा? बुडाचं झाकण उघडलं तरी आतला भाग मागून निघत नाही.

तंगूस
निघणार नाही, कारण प्रत्येक भागाच्या पुढच्या टोकाला गाइड अडकलेला आहे. आधी शेंड्याचं टिप टॉप तापवून काढा, मग मोकळे सरकते गाइड पुढून ओढून काढा, मग ज्या भागापर्यंत पोचायचं तिथपर्यंतच्या गाइडचा गोंद तापवून सोडवा. आता सगळे भाग मागून, बुडातून बाहेर येतील. बाहेर काढताना क्रमाने कागदावर मांडा आणि गाइडचा क्रमही लिहून ठेवा. नवा भाग घालण्याआधी त्याच्या मागच्या टोकाची जाडी जुन्याशी मापून बघा, दोन दशांश मिमी कमी असला तरी तो पुढून निसटून हातात येतो.

भाग एकमेकांत अडकून बसले असतील तर जमिनीवर आपटू नका. वाळू आणि मीठ अडकलेलं असतं. गोड्या पाण्यात तासभर बुडवा, दोन्ही भागांना रबराची पट्टी गुंडाळून पकड घ्या आणि सरळ ओढत किंचित पिळा.

मस्कतकर
इकडून एक भर. एपॉक्सीचं रसायन तापमानावर चालतं, दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट. इथल्या उन्हाळ्यात कपात घोटलेलं एपॉक्सी गाइडला लावेपर्यंत गरम होऊन थिजतं. उपाय साधा, घोटून झालं की लगेच अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पसरायचं. पातळ पसरलं की उष्णता साठत नाही आणि बुडबुडेही फुटतात.

वेळास_दर्या
आणि कोकणात उलट. जून-जुलैत दर्या खवळलेला, रॉड दुरुस्त करायला सवड तेव्हाच, आणि हवा ओली. वाळलेल्या एपॉक्सीवर मेणचट थर येतो.

रेझिनवाला
तो हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी लागल्यामुळे येतो. कोमट पाणी आणि साबणाने धुऊन निघतो. पहिल्या हातावर आला असेल तर धुऊन, वाळवून, हलका ४०० चा पेपर मारूनच दुसरा हात द्या. नाहीतर दुसरा हात माशाच्या डोळ्यासारखा जागोजागी मागे सरतो. टांगलेल्या रॉडशेजारी साठचा पिवळा बल्ब पेटता ठेवला तरी खूप फरक पडतो.

धाग्याबद्दल राहिलंच. रॉडचा नायलॉन धागा मिळाला तर जाड, डी नंबरचा घ्या. सुरुवातीचं टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखाली दाबायचं. संपवताना शेवटच्या दहा वेढ्यांखाली तंगूसचा फास आधीच ठेवायचा, टोक फासात ओवायचं आणि फास ओढून काढायचा. गाठ कुठेही नाही. मोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंमी, आणि खुंटी आत जिथे संपते त्या दोन्ही जागी एक-एक सेंमी वेगळी पट्टी. वर रॉड फिनिशचे (धाग्यावर चढवायच्या पातळ एपॉक्सीचे) दोन पातळ हात. मोटर नसेल तर पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी पाव वेढा फिरवा, मग पंधरा-पंधरा मिनिटांनी, चार तास. नाहीतर थेंब खाली लोंबतो.

शेवंड
पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून. कार्बन वीज वाहतो. परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून निघायचं, आणि धरणावर, शेतात विजेच्या तारांखालून उभा रॉड नेऊच नये. यात जोडलेला आणि नवा असा भेद नाही.

लाटांगण
सगळ्यांचे मनापासून आभार. ओहोटी, भिंगाने पाहिलं. मोडापासून दोन मिमीवर पांढुरका टिचका आहे, बोथट बाजूलाच. म्हणजे मार लागलेला होता. त्याच तुकड्यावर आणखी एक ठिपका सापडला, फेरूलपासून २२ सेंमीवर. कापसाचा बोळा फिरवला तर तंतू अडकत नाहीत, नखाला मात्र किंचित खळगा लागतो.

छत्रीची काडी घासून खुंटी केली, २.८५ पासून २.१५ पर्यंत, ९ सेंमी. कोरडी जुळणी ४.३ सेंमीवर अडली, तेवढं पुरे असं धरून साधं अॅराल्डाइट लावलं. धागा आणि दोन हात फिनिश झाले, आज सातवा दिवस. आता कसोटी कशी घ्यायची? आणि दुसऱ्या ठिपक्याचं काय करू?

रेझिनवाला
४.३ चालेल. दुसऱ्या ठिपक्यावर आत्ताच पट्टी बांधा, मोडायची वाट बघू नका. तिथे तंतू पूर्ण तुटलेले नाहीत, त्यामुळे खुंटी नको. पेपर मारा, काचेच्या लडीचा पातळ थर दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंमी, वर धागा, एक हात फिनिश.

कसोटी ते झाल्यावर, सगळं वाळल्यावर. मूठ टेबलाला ४५ अंशांत बांधा. दोरी सगळ्या गाइडमधून ओवून टोकाला अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली टांगा. बाजूने बघा, वाक एकसारखा हवा. सांध्यापाशी थोडा सपाट भाग दिसेल, तो साहजिक आहे. कोपरा दिसता कामा नये. मग एक लिटरची. पाच मिनिटं ठेवा आणि कान द्या. टकटक आवाज आला तर आत काहीतरी सुटतंय.

ओहोटी
चेहरा बाजूला ठेवून बघा, चष्मा घालून. तुटला तर कुसळं उडतात.

लाटांगण
दुसऱ्या पट्टीसकट एक लिटर पाच मिनिटं, आवाज नाही. सांध्यापाशी सहाएक सेंमी सपाट, कोपरा नाही. ४० ग्रॅम?

मुळशी_मरळ
२५ पासून सुरू करा, ३० वर थांबा. टांगलेलं वजन सावकाश चढतं, फेकताना तोच भार झटक्यात येतो. ४० साठी दुसरा रॉड.

तंगूस
आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर घरी आल्यावर खुंटीच्या खालच्या टोकावरची पट्टी उजेडात धरून बघा. फिनिशमध्ये केसासारखी आडवी रेघ दिसली तर फक्त तेवढी पट्टी सोलून नव्याने लांब बांधा, एकाऐवजी तीन सेंमी. उभी रेघ दिसली तर मात्र नळी चिरतेय, तिथे पुन्हा लड लावावी लागेल. फोटो इथेच टाका, बघू.